बेहिशेबी कान

"फोनवर नको. घरी ये, मग बोलू."

आमच्या मोहल्ल्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य अब्बांच्या नाहीतर चाचांच्या तोंडून ऐकलेले आहे. घराचा सौदा असो, पोराच्या आखातातल्या नोकरीचा विषय असो, मशिदीच्या कमिटीतला वाद असो, नाहीतर निवडणुकीत कोण येईल याची नुसती चर्चा असो. यात गुन्हा काहीच नसतो. तरीही फोनवर नको. 2006 च्या मुंबई आणि मालेगावच्या बॉम्बस्फोटांनंतर ही सवय इतकी अंगवळणी पडली की ती सवय आहे, हेही आता आम्हाला जाणवत नाही.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाचा संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प करायचा होता. "सर, हिरोशिमा पे अमेरिका ने जो डाला था ना, उसका फोटो चिपकाना है क्या?" आम्ही विचारले, "क्या डाला था?" तर म्हणतो, "वोइच सर, जो डाला था." तीनदा विचारूनही त्याने तो शब्द तोंडातून काढला नाही. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चौदा वर्षांचे पोर इतिहासाच्या पुस्तकातला शब्द फोनवर उच्चारायला घाबरत होते! हा धडा त्याला कोणी दिला? आम्ही दिला नाही, अभ्यासक्रमातही तो नाही.

ही हकीकत सांगायचे कारण असे की, याच देशात फोनवर अगदी मनमोकळे बोलणारी माणसेही आहेत, आणि त्यांचे बोलणे एकदा साऱ्या देशाने ऐकलेले आहे.

2010 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही बी.एड. करत होतो. 'ओपन' आणि 'आउटलुक' या इंग्रजी नियतकालिकांनी नीरा राडिया या बाईंच्या फोनवरील संभाषणे छापली. राडियाबाईंचा धंदा जनसंपर्काचा. त्यांची 'वैष्णवी कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स' ही कंपनी टाटा समूहाचे काम पाही; पुढे मुकेश अंबानींच्या रिलायन्सचे कामही त्यांच्याकडे आले. साध्या भाषेत सांगायचे तर उद्योगपती, मंत्री, खासदार आणि पत्रकार यांच्यामध्ये निरोपांची ने-आण करणे. 16 नोव्हेंबर 2007 रोजी अर्थमंत्र्यांकडे त्यांच्याविरुद्ध एक तक्रार आली होती. नऊ वर्षांत त्यांनी तीनशे कोटींचा व्यवसाय उभा केला आणि त्या परकी गुप्तचर संस्थांसाठी काम करतात, असे तिच्यात म्हटले होते. त्यावरून केंद्रीय गृहसचिवांच्या परवानगीने प्राप्तिकर खात्याने 2008 आणि 2009 मध्ये, दोन टप्प्यांत, त्यांचे फोन ऐकले. पाच हजार आठशेहून अधिक संभाषणे ध्वनिमुद्रित झाली.

त्यांत काय नव्हते? मे 2009 मध्ये लोकसभेचे निकाल लागून मनमोहन सिंगांचे दुसरे मंत्रिमंडळ बनत होते. कोणते खाते कोणाला, द्रमुकच्या वाट्याला काय, दूरसंचार खाते पुन्हा ए. राजांकडेच राहील की नाही, याची बोलणी या बाई फोनवरून करत होत्या. बरखा दत्त आणि वीर संघवी यांच्यासारखे नामांकित पत्रकार दुसऱ्या टोकाला होते. बातमी काढण्यासाठी आम्ही नुसते बोलत होतो, कोणाचे निरोप पोहोचवले नाहीत, असा खुलासा दोघांनीही केला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूवरून अंबानी बंधूंत जुंपलेले भांडणही या संभाषणांत आहे. गंमत अशी की, हे सगळे छापून आल्यावर पहिले काही दिवस बहुतेक मोठ्या वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी मौन पाळले. एरवी आमच्या वस्तीतल्या एखाद्या पोराला पोलिसांनी नुसते चौकशीला नेले तरी संध्याकाळपर्यंत पडद्यावर त्याचा फोटो आणि 'मास्टरमाइंड' ही पदवी झळकते.

वसतिगृहात आम्हा मित्रांना त्या दिवसांत फार आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे. बड्यांची जिरली! आजवर आमचे फोन ऐकत होते, आता त्यांचे ऐकले! आज मागे वळून पाहताना तो आनंद आम्हाला मूर्खपणाचा वाटतो. कारण आम्ही फक्त बोलणाऱ्यांकडे पाहत होतो. ऐकणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

ऐकणाऱ्याने काय केले ते पाहा. दूरसंचार खात्याचा सौदा फोनवरून चालला आहे, हे सरकारच्या कानाने मे 2009 मध्ये ऐकले. टू-जीचे परवाने त्याआधीच, जानेवारी 2008 मध्ये, वाटले गेले होते आणि त्यावर बोभाटाही झाला होता. तरी ए. राजा पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी राजीनामा दिला तो 14 नोव्हेंबर 2010 रोजी. म्हणजे अठरा महिने! तोही टेपांमुळे नव्हे, तर महालेखापरीक्षकांचा 1 लाख 76 हजार कोटींच्या अंदाजित नुकसानीचा अहवाल संसदेच्या दारात येऊन उभा राहिला म्हणून. देशाच्या सुरक्षेसाठी, जनतेच्या हितासाठी फोन ऐकतो, असे सरकार म्हणते. मग जनतेच्या हिताचे जे ऐकले ते अठरा महिने कपाटात कशासाठी ठेवले? आणि जे निव्वळ घरगुती बोलणे होते, ज्याच्याशी कर किंवा परवाना यांचा काही संबंध नव्हता, ते नष्ट का केले नाही? दोन्ही गोष्टी एकाच कपाटात पडून राहिल्या आणि एके दिवशी कोणीतरी किल्ली फिरवली. कोणी, ते कळले नाही.

29 नोव्हेंबर 2010 रोजी रतन टाटा सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनेच्या कलम 21 खाली खासगीपणाचा आपला हक्क भंगला, हे प्रकाशन थांबवा आणि टेपा फुटल्या कशा याची चौकशी करा, अशी त्यांची मागणी. मागणी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्या माणसावर कसलाही आरोप नाही त्याचे बोलणे सरकारी दप्तरातून बाजारात यावे, हे कोणाच्याही बाबतीत वाईटच. पण खात्यांच्या वाटणीवर जनतेचा हक्क आहे, ते कोणाचे खासगी प्रकरण नव्हे, असे सांगणारी दुसरी याचिकाही त्याच न्यायालयात होती. ती प्रशांत भूषण चालवत होते, आणि आमचे मत तिच्या बाजूला पडते.

पुढच्याच महिन्यात पंतप्रधान उद्योजकांच्या एका सभेत बोलले. फोन टॅपिंगमुळे उद्योगक्षेत्रात अस्वस्थता पसरली आहे याची आपल्याला जाणीव आहे, मंत्रिमंडळ सचिवांना यात लक्ष घालून महिन्याभरात अहवाल द्यायला सांगितले आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आम्ही हे वाचले आणि मनात म्हटले, वा! अस्वस्थतेचीही प्रतवारी असते तर. उद्योगपती अस्वस्थ झाले की महिन्याभरात अहवाल. मोहल्ला वीस वर्षे अस्वस्थ आहे, त्याचा अहवाल कोणत्या सचिवाकडे मागायचा?

नोंदींचाच विषय निघाला म्हणून सांगतो. जुलै 2006 च्या लोकल गाड्यांमधील स्फोटांच्या खटल्यात आपण त्या वेळी कुठे होतो हे दाखवण्यासाठी मोबाइलच्या नोंदी न्यायालयात मागवा, असे अर्ज खुद्द आरोपींनाच करावे लागले. एकीकडे टेपा बाहेर येऊ नयेत म्हणून धडपड, दुसरीकडे नोंदी बाहेर याव्यात म्हणून! 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. (तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना पुन्हा आत न टाकता, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, हेही नोंदवले पाहिजे.)

आता कायद्याकडे वळू. राडियाबाईंचा फोन ऐकला गेला तो 1885 च्या तार कायद्याखाली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला कायदा! 1996 मध्ये 'पीयूसीएल' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला थोडा लगाम घातला. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, तो दोन महिन्यांसाठी असावा, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांच्या वर जाऊ नये, सचिवांच्या एका समितीने तो तपासावा, असे ठरले. आदेश देण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, असे मात्र न्यायालयाने सांगितले नाही; कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून. आमच्या मते सगळे घोडे तिथे पेंड खाते. सही करणारा सचिव, आणि ती सही बरोबर आहे का हे पाहणारेही सचिवच. परीक्षेचा पेपर मुलानेच लिहायचा आणि बाकावरच्या त्याच्या दोस्तांनी तपासायचा, असे आम्ही शाळेत चालवले तर शिक्षणाधिकारी आम्हाला घरी बसवतील.

समिती तपासते म्हणजे किती तपासते? माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराप्रमाणे एकट्या केंद्र सरकारचे असे आदेश महिन्याला साडेसात ते नऊ हजार निघत होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश! न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या आपल्या अहवालात हीच अडचण मांडली. हे तेच श्रीकृष्ण, ज्यांचा मुंबईच्या 1992-93 च्या दंगलीवरचा अहवाल आपल्यापैकी अनेकांच्या घरी जपून ठेवलेला आहे. आम्ही हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर घातले. बैठक सलग आठ तास चालली, चहाला कोणी उठले नाही, तर एका आदेशाला किती वेळ मिळेल? उत्तर आले: दोन सेकंदांहूनही कमी. "इतने में तो नाम भी नहीं पढ़ सकते, सर," एक मुलगी म्हणाली.

नावावरून आठवले. नाना पटोले यांनी जुलै 2021 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत सांगितले की, 2016-17 मध्ये, आपण खासदार असताना, आपला फोन ऐकला जात होता. नंबर त्यांचा. पण कागदावर नाव काय? 'अमजद खान'! संशय काय? अमली पदार्थांचा. बच्चू कडू यांच्या नंबरापुढे नाव होते 'निजामुद्दीन बाबू शेख'. आम्ही त्या दिवशी बातमी पुन्हा पुन्हा वाचली. न्यायाने बोलायचे तर ज्यांचे फोन असे ऐकले गेल्याचे सांगितले जाते त्या सगळ्यांनाच मुसलमान नावे दिली नव्हती, काहींना हिंदू नावेही होती. या प्रकरणी 2022 मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, सरकार बदलले, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा दोषी कोण हे आम्ही म्हणणार नाही. आमचा मुद्दा वेगळाच आहे. ज्याला कागदावर खोटे नाव टाकून सही मिळवायची होती त्याने हिशेब केला असणार की कोणत्या नावावर सचिव कपाळाला आठी घालणार नाही. 'नानाभाऊ पटोले' लिहिले तर फोन उचलून विचारणा होईल. 'अमजद खान' लिहिले तर कसली विचारणा? अमजद खानचा फोन ऐकायला कारण लागत नाही. अशा वेळी नाव हेच कारण होते, आणि दोन सेकंद त्याला पुरतात.

म्हणूनच राडिया प्रकरण म्हणजे दिल्लीच्या बड्या लोकांचे भांडण, त्याच्याशी आपला काय संबंध, असे जे म्हणतात त्यांचे आम्हाला पटत नाही. ज्या कागदाने राडियाबाईंचे फोन ऐकले गेले त्याच कागदाने अमजद खानचेही ऐकले जातात. अमर सिंहांचे प्रकरण आठवा. 2005-06 मध्ये त्यांचा फोन ऐकला गेला तो एका बनावट पत्रावर. ते पत्र इतक्या अशुद्ध इंग्रजीत होते की फोन कंपनीला शंका यायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटले. पाचवीच्या मुलाने लिहिले असते तर आम्ही लाल शाईने कागद रंगवला असता. कंपनीने मात्र निमूटपणे तार जोडून दिली. इतका वजनदार माणूस, त्याची ही गत. आमच्या चाचांच्या फोनसाठी बनावट पत्र लिहिण्याचे कष्ट तरी कोण घेईल?

"आपल्याला लपवण्यासारखे काही नाही, मग घाबरायचे कशाला?" हे शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येते. आमचे एक बुजुर्ग सहकारी तर म्हणतात, ऐकू द्या, आपली शराफत त्यांना आपोआप कळेल. त्यांना आम्ही अदबीने एक रिवायत सांगितली. हजरत उमर (रजि.) रात्री मदिन्यात गस्त घालत असताना एका घरातून गाण्याबजावण्याचा आवाज आला. ते भिंतीवरून चढून आत उतरले. पाहतात तो माणूस शराब पीत बसलेला. त्याला दटावू लागले तेव्हा तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुन्हा केला, आपण तीन केलेत. पाळत ठेवलीत, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम करून इजाजत घेतली नाहीत. हजरत उमर यांनी त्याला सोडून दिले. तो माणूस शरीफ नव्हता, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे लपवण्यासारखे होते. तरीही भिंत ओलांडणारा चुकला, आणि खलिफाने ते मान्य केले. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याची टेहळणी करण्याला, सरळ मनाई आहे, आणि तिथे शरीफ-बदमाश असा भेद केलेला नाही.

ही रिवायत सरकारला ऐकवण्याआधी आपण आपल्या घरात ऐकवली पाहिजे, नाहीतर तिला काही अर्थ नाही. आमच्या शाळेत दहावीत शिकणाऱ्या मुलींना विचारा. भाऊ रोज रात्री मोबाइल हातात घेतो, कोणाचा फोन आला, कोणाचा मेसेज, कोणत्या मैत्रिणीने काय लिहिले. पासवर्ड भावाला माहीत असलाच पाहिजे, हा बहुतेक घरांतला अलिखित कायदा. याला गृहसचिवाची सही लागत नाही, दोन महिन्यांची मुदत नाही, तपासणी समिती नाही. लपवण्यासारखे काही नाही ना, मग दाखव, हेच वाक्य तिथेही ऐकू येते. एका मुलीने आम्हाला सांगितले की ती मैत्रिणीला मेसेज लिहिते आणि लगेच पुसून टाकते. तिचाही फोनवर नको असा कायदा झालेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाचेच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे आदेश बेकायदा ठरवले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. चांगलेच झाले. पण त्या व्यावसायिकाला दाद मागता आली, कारण टेपा खटल्यात पुरावा म्हणून पुढे आल्या आणि आपला फोन ऐकला जात होता हे त्याला कळले. ज्याच्यावर खटलाच झाला नाही त्याला कधी कळणार? दोन महिने ऐकले, काही सापडले नाही, बंद केले. त्या माणसाला सरकार पत्र पाठवत नाही की, बाबा रे, आम्ही तुझे ऐकले, तू निर्दोष निघालास, माफ कर.

राडिया प्रकरणाचा शेवट काय झाला, हे आज किती जणांना ठाऊक आहे? ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संभाषणांतून दिसणाऱ्या गैरव्यवहारांची चौकशी सीबीआयकडे सोपवली. चौदा प्राथमिक चौकशा झाल्या. सप्टेंबर 2022 मध्ये सीबीआयने न्यायालयाला सांगितले की, गुन्हा म्हणावे असे काहीच आढळले नाही. टू-जीच्या खटल्यात राडियाबाई आरोपी नव्हत्या, सरकारतर्फे साक्षीदार होत्या. त्या खटल्यातले राजा व इतर सगळे 21 डिसेंबर 2017 रोजी विशेष न्यायालयातून सुटले. त्यावरचे सीबीआयचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सुनावणीला घेतले. पाच हजार आठशे संभाषणे ऐकून सरकारच्या हाती काय लागले, याचे उत्तर आम्हाला सापडत नाही. टेपा फोडणाराही सापडला नाही.

दरम्यान 1885 च्या कायद्याच्या जागी दूरसंचार कायदा, 2023 आला. डिसेंबर 2024 मध्ये फोन ऐकण्याचे नवे नियमही आले. आम्ही ते मोठ्या आशेने उघडले. आदेश गृहसचिवांचाच. तपासणी सचिवांच्याच समितीची. न्यायाधीश कुठेच नाही, ज्याचे ऐकले त्याला नंतर कळवण्याची तरतूद नाही. आमच्या मागण्या या दोनच आहेत: सही न्यायाधीशाची हवी, आणि काम संपल्यावर माणसाला कळवले पाहिजे. यासाठी अर्ज, निवेदने, सभा, जे काही करायचे ते आमच्या तंझीमांनी करावे. आपला कोणी पकडला गेला म्हणजेच तेवढे जागे व्हायचे, ही खोड सोडून राडियाबाईंच्या आणि नाना पटोलेंच्या फोनसाठीही त्यांनी बोलावे. त्याखेरीज अमजद खानसाठी बोललेले कोणी ऐकणार नाही.

त्या मुलाने आठ दिवसांनी प्रकल्प आणून दिला. वही नेटकी, फोटो कापून व्यवस्थित चिकटवलेला, खाली सुंदर नस्तालिक अक्षरात 'एटम बम' लिहिलेले. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. परवा त्याचाच पुन्हा फोन आला. आता विषय पोखरणचा होता. "सर," म्हणाला, "वो रेगिस्तान में जो किया था ना..."